मांडी दुसऱ्यांदा फाटली, आता पुढे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी १९ वर्षांची, २०० मीटर धावते, सर्वोत्तम वेळ २४.९. गेल्या मे महिन्यात उजव्या मांडीचा मागचा स्नायू फाटला. डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा तोच, त्याच जागी. आता पाच आठवडे झालेत. सर म्हणतात, सहा आठवड्यांनी भोपाळला निवड चाचणी आहे, तोवर हिला उभी करू. बाबा म्हणतात, पुरे झालं, बँकेच्या परीक्षेला बस. मुलगी काहीच बोलत नाही. आई विचारते: मोठे धावपटू यातून कसे बाहेर पडतात, आणि हिने आता थांबावं का?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. भोपाळची चाचणी सोडून द्या. आणि धावणं सोडायचं की नाही हा विषय जूनपर्यंत घरात कुणी काढू नका, बाबांनीही नाही. मे महिन्यापासून ती एकदाही पूर्ण बरी होऊन धावलेली नाही. मग आपण नक्की काय सोडतोय, हे तिला तरी कुठून कळणार?

मी ग्वाल्हेरातच शिकलो, २६ वर्षं इथेच स्प्रिंटची मुलं तयार करतोय, आणि त्याआधी स्वतः १०० मीटरवाला होतो. माझीही मांडी दोनदा फाटली. पहिल्यांदा फाटली तेव्हा १९व्या दिवशी मी शर्यतीत उतरलो, कारण दुखायचं थांबलं होतं. ६० मीटरच्या आसपास मांडीवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं. इतकं खरं वाटलं की मी वळून पाहिलंसुद्धा. त्यानंतर १०.९ मला पुन्हा कधी लागले नाहीत. जबरदस्ती कुणाची नव्हती, हट्ट माझाच होता. पुढे कोच झाल्यावर हीच चूक मी एका मुलीच्या बाबतीत केली, तीही अशाच एका चाचणीसाठी. ती आज शाळेत शिक्षिका आहे, मला भेटली की हसून बोलते. मला मात्र तिच्या डोळ्याला डोळा देताना अजून जड जातं. तेव्हा मी जे सांगतोय ते निव्वळ पुस्तकातलं नाही.

आपल्याकडे ग्राउंडवर मांडीच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव: 'नस खिंच गई'. मग कुणीतरी कडक मालिश करतो, कुणी मोहरीचं तेल गरम करून आणतो, आणि मूल चार दिवसांनी लंगडत चकरा मारू लागतं. ती नस नसते. मांडीच्या मागे जे तीन स्नायू आहेत त्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. स्प्रिंटरचा बहुतेक वेळा त्यातला बाहेरच्या बाजूचा फाटतो, बायसेप्स फिमोरिस. पाय पुढे झेपावलेला असतो, तळवा जमिनीला लागायच्या बेतात असतो, त्या क्षणी हा स्नायू लांब ताणलेला असतो आणि त्याच वेळी पुढे फेकलेल्या पायाला ब्रेकही लावत असतो. फाटतो तो तिथे. ताज्या फाटलेल्या जागेवर रगडून मालिश करणं म्हणजे ओल्या प्लास्टरवर हात फिरवण्यासारखं आहे.

आता महत्त्वाचं. एमआरआय झालाय का? झाला असेल तर रिपोर्टमध्ये एकच गोष्ट शोधा: इजा फक्त स्नायूच्या मांसल भागात आहे, की स्नायूच्या आत जी कंडरा (टेंडन) जाते तिच्यापर्यंत गेली आहे? ब्रिटिश अॅथलेटिक्सच्या डॉक्टरांनी २०१४ साली यासाठी एक वर्गवारी मांडली. ० ते ४ अशी तीव्रता आणि त्यापुढे ए, बी, सी ही जागा. त्यातलं 'बी' म्हणजे स्नायू कंडरेला जुळतो तिथली इजा, 'सी' म्हणजे खुद्द कंडरेची. 'बी' आणि 'सी' दोन्हींत मुलगी दहा-पंधरा दिवसांत सरळ चालू लागते, जिना चढते, दुखत नाही म्हणते. पण 'सी' भरायला बराच जास्त वेळ घेते आणि घाई केली तर पुन्हा फाटण्याची शक्यताही जास्त. त्याच जागी दुसऱ्यांदा फाटली आहे म्हणून मला ही शंका आधी येते. रिपोर्टच नसेल तर सहा आठवड्यांचा वायदा सरांनी कशाच्या आधारावर केला, एवढं त्यांना शांतपणे विचारा. भांडू नका. चाचणीला मुलं उभी करणं हा त्यांच्याही पोटापाण्याचा प्रश्न असतो.

दुखणं थांबणं आणि स्नायू बरा होणं यांत बरंच अंतर आहे, आणि बहुतेक करिअर त्या अंतरातच संपतात. हे अंतर अंदाजाने नाही, मोजून कापायचं. मोजायला दवाखाना लागतोच असं नाही. तुमच्या घरी जुनी गुळगुळीत फरशी असेलच. तिला पाठीवर झोपवा, टाचांखाली टॉवेल द्या, कंबर उचलून टाचा हळूहळू लांब सरकवायला सांगा, आधी दोन्ही पायांनी, काही आठवड्यांनी एकेका पायाने. हॅमस्ट्रिंगला लांब होता होता भार पेलायला शिकवणारा याहून स्वस्त व्यायाम मला माहीत नाही. मग एका पायाचा पूल: टाच साधारण ६० सेंटीमीटर उंच पेटीवर, गुडघा किंचित वाकवलेला, कंबर वर-खाली, थकेपर्यंत मोजायचं. २० च्या आत थांबली तर पाय कच्चा, ३० च्या वर गेली तर चांगला. पण खरा आकडा वेगळाच: डावा ३१ आणि उजवा २२ असेल तर काम झालेलं नाही, मग ती कितीही ठणठणीत वाटो. शेवटी नॉर्डिक. गुडघ्यांवर बसून, घोटे कुणीतरी धरून ठेवायचे, आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. घोटे बाबांना धरू द्या. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत या एका व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या इजा निम्म्याच्या आसपास कमी झालेल्या दिसल्या आहेत.

आणखी एक परीक्षा आहे, तिच्यासमोर मुलं खोटं बोलू शकत नाहीत. गुडघा वाकणार नाही असा आधार बांधून पाठीवर झोपायचं आणि सरळ पाय जितक्या झटक्यात वर नेता येईल तितक्या झटक्यात न्यायचा. दुखायलाच हवं असं नाही. नुसतं 'मधेच जरा धाकधूक वाटली' म्हणाली तरी शर्यत नाही.

धावण्याचं गणित वेगळं आहे आणि सर्वात जास्त गफलत तिथे होते. ६० टक्के वेगाने धावणं बऱ्यापैकी लवकर सुरू करता येतं, करावंच. ७०, ८० पर्यंतही फारसं अवघड नाही. पण ८० पासून १०० टक्क्यांपर्यंत जाताना या स्नायूवरचा भार एकदम चढत जातो. म्हणून तो शेवटचा टप्पा सर्वात संथ हवा: ८५, ८८, ९०, ९३, प्रत्येक पायरीला दोन-तीन दिवस तरी. आपल्याकडे उलटं होतं. मूल महिनाभर चकरा मारतं, आणि पूर्ण वेग आयुष्यात परत पहिल्यांदा गाठतं ते थेट शर्यतीत, बंदुकीच्या आवाजावर. तुमच्या मुलीचं डिसेंबरात हेच झालं असावं अशी माझी शंका आहे. शर्यतीआधी तिने सरावात ९५ टक्क्यांच्या वर किती वेळा धाव घेतली होती, हे विचारून पाहा. उत्तर 'एकदाही नाही' आलं तर दोष नशिबाचा नाही.

२०० वालीला वळणाचा वेगळा हिशोब लागतो. आधी सगळं सरळ भागात. मग वळण बाहेरच्या सातव्या-आठव्या लेनमधून, कारण तिथे वळण सैल असतं. तिसरी-चौथी लेन सगळ्यात शेवटी. वेगाच्या धावांमध्ये विश्रांती पूर्ण: दर दहा मीटरला साधारण एक मिनिट, म्हणजे ६० मीटर धावली की सहा मिनिटं काही नाही. पालक बाकावरून पाहतात आणि म्हणतात, पोरं नुसत्या गप्पा मारतात. मारू द्या. दम लागलेल्या अवस्थेत वेग शिकता येत नाही, आणि थकलेलाच स्नायू फाटतो.

किल्ल्यावर जाणारा उरवाई घाटीचा चढ आपल्याला देवाने फुकट दिलेला आहे. चढावर धावताना पाय पुढे फार झेपावत नाही, त्यामुळे हॅमस्ट्रिंग कमी ताणली जाते आणि ताकद मात्र लागते. परतीच्या वाटेवर, सपाट ट्रॅकवरच्या पूर्ण वेगाच्या आधी, छोटे छोटे चढ फार उपयोगी. पण खाली येताना चालत. किल्ल्यावरून सुसाट उतरणारी पोरं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. आणि जानेवारीत पहाटे साडेपाचचा सराव बंद. ग्वाल्हेरची ही धुक्याची थंडी, त्यात कुडकुडत स्ट्राइड मारायचे, कशासाठी? फौजी शिस्त दाखवायला? ऊन वर आलं की नऊ-साडेनऊला जा. मे-जूनमध्ये हेच घड्याळ उलटं करायचं.

आता मोठे धावपटू. तुमच्या मुलीच्या मोबाईलवर डेरेक रेडमंडचा व्हिडिओ कुणीतरी नक्की पाठवला असेल: १९९२, बार्सिलोना, ४०० मीटरची उपांत्य फेरी, हॅमस्ट्रिंग फाटते, तो लंगडत उरलेलं अंतर कापतो, वडील सुरक्षारक्षकांना बाजूला सारून येतात, त्याला खांदा देतात. मलाही तो बघताना भरून येतं. पण ती परतीची गोष्ट नाही. रेडमंड त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये कधीच धावला नाही. त्याआधी १९८८ च्या सोलमध्ये तो पहिल्या फेरीच्या काही मिनिटं आधी टाचेवरच्या कंडरेच्या दुखण्याने बाहेर पडला होता, आणि मधल्या काळात शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. हा व्हिडिओ पाहून मुलं एवढंच शिकतात की दुखलं तरी थांबायचं नाही. तुमच्या मुलीला आत्ता नेमकं हेच शिकायचं नाहीये.

तिला बोल्टचा २००४ ते २००८ हा काळ वाचायला द्या. २००२ साली १५ वर्षांचा असताना तो किंग्स्टनला २०० मीटरचा ज्युनियर विश्वविजेता झाला. एप्रिल २००४ मध्ये १९.९३ धावला, २० सेकंदांच्या आत धावणारा पहिला ज्युनियर. चार महिन्यांनी अथेन्स ऑलिम्पिकला पहिल्याच फेरीत २१.०५ धावून बाहेर, पाय दुखावलेला. २००५ ला हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत पोचला आणि तिथे पुन्हा दुखापत, २६.२७ सेकंदांत शेवटचा. लक्षात घ्या, २६.२७. तुमची मुलगी याहून वेगात धावते. २००६ ची राष्ट्रकुल स्पर्धा हॅमस्ट्रिंगमुळे हुकली. जमैकात तेव्हा लोक त्याला काय काय म्हणाले असतील याची आपल्याला कल्पना करता येते, आपल्याही चाळीत तेच म्हणतात. मधल्या काळात बदललं काय? अथेन्सनंतर ग्लेन मिल्स त्याचे कोच झाले. बोल्टच्या पाठीच्या कण्याला बाक आहे, त्यामुळे कमरेचा तोल बिघडतो आणि भार मांड्यांवर येतो. मग पाठ, पोट आणि कंबर यांच्या कंटाळवाण्या व्यायामांवर वर्षानुवर्षं काम झालं. २००७ ला ओसाकात रौप्य, २००८ ला बीजिंगमध्ये ९.६९ आणि १९.३०. जगाला बीजिंगचे ते काही सेकंद दिसले. त्यामागची फरशीवरची चार वर्षं दाखवायला तिथे कॅमेरा नव्हता.

म्हणून मांडी दोनदा फाटली की मी मांडीवर थांबत नाही. कंबर पाहतो, पाठ पाहतो, दुसऱ्या पायाचा घोटा पाहतो. हिमा दास आठवून पाहा. २०१८ ला टाम्पेरेत ४०० मीटरची २० वर्षांखालील विश्वविजेती, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत ५०.७९. पुढे पाठीचं दुखणं, म्हणून ४०० सोडून १०० आणि २०० कडे वळली, आणि जून २०२१ मध्ये पतियाळात १०० मीटरच्या फेरीत हॅमस्ट्रिंग गेली. टोकियो हुकलं. तिच्या बाबतीत एकातून दुसरं झालं असा दावा मी करणार नाही, तिचे डॉक्टर मी नाही. पण पाठ आणि मांडी या शेजारणी आहेत हे मला रोज दिसतं.

आणि कॅनडाचा आंद्रे डी ग्रास. त्याची हॅमस्ट्रिंग २०१७ ला लंडनच्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर गेली, २०१८ ला परत गेली. अगदी तुमच्या मुलीसारखं, दोन मोसम वाया. २०२१ ला टोकियोत त्याने २०० मीटरचं सुवर्ण घेतलं, १९.६२ मध्ये. दुसऱ्या इजेपासून सुवर्णापर्यंत तीन वर्षं. सरांनी सहा आठवडे सांगितले आहेत.

आपल्या पी. टी. उषाताईंचं १९८४ चं ऑलिम्पिक सगळ्यांना पाठ आहे: ४०० मीटर अडथळ्यांत ५५.४२, समोरचीचे ५५.४१, पदक गेलं. पण पुढच्याच वर्षी जकार्तात त्यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णं घेतली, हे किती जणांना आठवतं? १९८८ ला टाचेच्या दुखण्याने सोल बिघडलं. तरी १९९८ ला, लग्न आणि बाळंतपणानंतर, वयाच्या ३४ व्या वर्षी फुकुओकाहून त्या पदकं घेऊन आल्या.

जेवणाचं बोलतो, कारण हे कोच विचारत नाहीत आणि मुली सांगत नाहीत. मुलीची पाळी नियमित आहे का? तीन महिने आली नसेल तर 'ट्रेनिंगमुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा ती कमी खातेय, किंवा कुणीतरी तिला वजन कमी कर म्हटलंय. अशा शरीरात ना हाड नीट भरतं, ना स्नायू. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.६ ते २ ग्रॅम हवीत. ५० किलोच्या मुलीला ८० ते १०० ग्रॅम. आपल्या वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, पोह्यांतून नगण्य. म्हणजे दूध, दही, पनीर, छोले, सोयाबीन, आणि घरात चालत असतील तर अंडी, हे तीन वेळा विभागून द्यावं लागेल. आजी म्हणतील मुलीची जात आणि एवढं खाणं! म्हणू देत.

चाचणी जवळ आली की कुणीतरी 'एक सुई टोचून घे, काही जाणवणार नाही' असं सुचवेल. जाणवणार नाही हीच तर भीती आहे. शिवाय स्टिरॉइडचं, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइडचं कुठलंही इंजेक्शन १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात बंदीच्या यादीत आहे. नाडाने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, नमुना घेतला तर 'डॉक्टरांनी दिलं' हे उत्तर चालत नाही, शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. जिममधल्या बिनलेबलच्या पावडरीलाही हेच लागू. पीआरपीबद्दल, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनबद्दल विचाराल तर बंदी नाही, पण हॅमस्ट्रिंग त्याने लवकर बरी होते असं ठामपणे दिसलेलं नाही. त्या पैशात वर्षभराचं पनीर येईल.

ती बोलत नाही म्हणता. रोज 'कसं वाटतंय?' विचारणं थांबवा. रोज विचारलं की रोज उत्तर तयार करावं लागतं. त्याऐवजी सरांना सांगा, तिला घड्याळ धरायला ट्रॅकवर बोलवा. जखमी मुलं घरी बसली की मैत्रिणींच्या शर्यती मोबाईलवर बघत कुढतात. हातात स्टॉपवॉच असलं की मैत्रिणींच्या धावण्यातल्या चुका दिसू लागतात, आणि डोळा तयार होतो. माझ्याकडचा एक मुलगा असाच चार महिने घड्याळ धरून होता. परत आला तेव्हा त्याचा स्टार्ट आधीपेक्षा सुधारलेला होता, पाय न वापरता.

राहिले बाबा. त्यांना मी चूक म्हणणार नाही. २४.९ कुठे आहे हे सरळ सांगतो. ती वेळ हाताच्या घड्याळाची असेल तर इलेक्ट्रॉनिकशी तुलना करायला त्यात ०.२४ मिळवा, म्हणजे २५.१ च्या पुढे. इलेक्ट्रॉनिकच असेल असं धरू. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत द्युती चंदने २३.२० मध्ये रौप्य घेतलं. ती फिनिशला पोचली तेव्हा तुमची मुलगी साधारण १४ मीटर मागे असेल. १४ मीटर खूप आहेत. पण ती १९ वर्षांची आहे, आणि स्प्रिंटर १९ ला पिकत नाही. शेली-अॅन फ्रेझर-प्राइस २०१९ ला, आई झाल्यानंतर, ३२ व्या वर्षी १०.७१ मध्ये विश्वविजेती झाली.

आणि बँकेची परीक्षा व धावणं यांत भांडण कुठे आहे? बऱ्या होण्याच्या या काळात दिवसाला जेमतेम दोन तास जातात, उरलेल्या वेळात अभ्यास होतो. परीक्षेला बसू द्या. रेल्वेत, पोलिसांत खेळाडूंच्या जागा निघतात, त्यासाठी शिक्षणही लागतं आणि प्रमाणपत्रंही. फक्त 'धावणं सोडलं म्हणून अभ्यास' असं नको, 'अभ्यासही' असं म्हणा. बाबांना या एका 'ही'चा राग येणार नाही.

जूनमध्ये काय पाहायचं ते सांगून ठेवतो. दोन्ही पायांचे आकडे सारखे आले, ९५ टक्क्यांच्या धावा निदान सहा-आठ वेळा विनातक्रार झाल्या, वळणावर तिचं तोंड आक्रसत नाही, तर एक छोटी स्थानिक शर्यत, तीही १०० मीटरची. वेळ वाईटच येईल, मनाची तयारी ठेवा. आणि हे सगळं जमूनही तिला सकाळी स्पाइक्स बांधावेसे वाटत नसतील, तर मग बसून बोलू. तेव्हा ती जे म्हणेल ते मी ऐकेन, सोडते म्हणाली तरी.

तोवर टॉवेल, फरशी आणि एक वही. डाव्या पायाचा आकडा डावीकडे लिहा, उजव्याचा उजवीकडे, दर रविवारी. पहिला रविवार झाला की ते दोन आकडे आणि एमआरआयमधलं कंडरेबद्दलचं वाक्य मला कळवा.